तेजपाल पाठशाळेपासून गेटवेपर्यंत : स्वातंत्र्यलढ्याची एक दिवसाची सहल

स्वातंत्र्यलढ्यातील निर्णायक वळणे प्रत्यक्ष जागेवर उभे राहून समजून घ्यावीत, या हेतूने मुंबईतील एका खासगी संस्थेने आखलेली एक दिवसाची मराठी सहल मी नुकतीच केली. अठरा जण, लहान बस, सकाळी आठ ते दुपारी चार अशी वेळ, आणि माणशी पंधराशे रुपये शुल्क. इतिहास शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली असल्यामुळे अपेक्षा थोड्या चढ्याच होत्या. त्यांतल्या काही पूर्ण झाल्या, काही नाहीत, आणि ज्या झाल्या नाहीत त्यांबद्दल सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

सुरुवात अतिशय विचारपूर्वक निवडलेली आहे. बस प्रथम गोवालिया टँकजवळ थांबते आणि मार्गदर्शक आपल्याला गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेसमोर उभे करतात. 28 डिसेंबर 1885 रोजी येथे काँग्रेसचे पहिले अधिवेशन 72 प्रतिनिधींच्या उपस्थितीत भरले. ते मुळात पुण्यास व्हायचे होते आणि तेथे पटकीची साथ आल्यामुळे ऐनवेळी मुंबईस हलवले गेले, हे त्यांनी आवर्जून सांगितले. सनदशीर विनंत्या, ठराव आणि इंग्रजीतील भाषणे हे त्या वेळच्या राजकारणाचे स्वरूप समजावून झाल्यावर ते आपल्याला काही पावलांवरच्या ऑगस्ट क्रांती मैदानात नेतात, जेथे 8 ऑगस्ट 1942 रोजी ‘छोडो भारत’चा ठराव संमत झाला. दोन जागांमधले अंतर चालून जायला काही मिनिटे पुरतात, पण त्या दोन घटनांमध्ये 57 वर्षे आहेत. विनंतीपासून ‘चालते व्हा’पर्यंतची भाषा कशी बदलत गेली, हा प्रश्न दिवसाच्या आरंभीच मनात रुजवणे ही या सहलीची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे.

1942 चे विवेचनही उत्तम होते. पहाटेच्या धरपकडीत गांधीजींना पुण्यास आगाखान पॅलेसमध्ये आणि कार्यकारिणीच्या सदस्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात नेण्यात आले, म्हणजे चळवळ सुरू होण्याआधीच नेतृत्व तुरुंगात होते. 9 ऑगस्टला अरुणा असफ अली यांनी याच मैदानावर झेंडा फडकवला आणि त्याच महिन्यात उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त रेडिओ सुरू केला, जो जागा बदलत बदलत नोव्हेंबरमध्ये पोलिसांच्या हाती लागेपर्यंत चालला. नेते नसताना लोकांनी चळवळ हाती घेतली, हे येथे नुसते सांगितले गेले नाही, तर घटनांच्या क्रमातून दाखवले गेले.

मणिभवनात संस्थेने तास-दीड तास राखून ठेवला आहे आणि तो पुरेसा आहे. 1917 ते 1934 या काळात गांधीजींचे मुंबईतील वास्तव्य प्रामुख्याने या घरात असे. मार्गदर्शकांनी येथे, विनाचौकशी अटकेची मुभा देणाऱ्या कायद्याविरुद्धच्या रौलट सत्याग्रहावर भर दिला. 6 एप्रिल 1919 रोजी चौपाटीवर जमलेला जनसमुदाय, बंदी घातलेल्या पुस्तकांची उघड विक्री, दिल्लीकडे निघालेल्या गांधीजींना पलवल येथे अडवून मुंबईस परत पाठवणे, अमृतसरमध्ये किचलू आणि सत्यपाल या स्थानिक नेत्यांची अटक आणि 13 एप्रिलचे जालियनवाला बाग, ही साखळी त्यांनी एका आठवड्याच्या आत बसवून दाखवली. ते हत्याकांड आपल्याकडे पुष्कळदा एकटेच, मागचे-पुढचे काही न सांगता शिकवले जाते. वरच्या खोलीत गांधीजींच्या बैठकीकडे पाहत हा क्रम ऐकताना आमच्या गटातील शाळकरी मुलेही गप्प झाली होती.

टिळकांच्या भागात मात्र माझी पहिली तक्रार उद्भवते. उच्च न्यायालयाची इमारत बाहेरूनच पाहावी लागते, ते समजण्यासारखे आहे. 1908 च्या राजद्रोहाच्या खटल्याची हकीकतही नीट सांगितली गेली : ‘केसरी’तील लेख, न्यायमूर्ती दावर, सात विरुद्ध दोन असा ज्यूरीचा कौल आणि सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा. पण त्यानंतर गिरणी कामगारांनी शिक्षेच्या प्रत्येक वर्षामागे एक दिवस, असा सहा दिवसांचा जो संप केला, त्याला एकच वाक्य मिळाले. माझ्या मते खटल्याइतकेच महत्त्वाचे वळण ते आहे, कारण सभा-ठरावांचे राजकारण त्या आठवड्यात पहिल्यांदा कष्टकऱ्यांच्या वस्तीत उतरले.

ही चूक ओघात झालेली नाही, तर मार्गाच्या आखणीतच आहे. बस दक्षिण मुंबई सोडत नाही. 31 जुलै 1921 रोजी परळच्या एल्फिन्स्टन गिरणीच्या आवारात विदेशी कापडाची होळी झाली, तिकडे जाणे नाही. काळबादेवीतून बस अक्षरशः जाते, पण 12 डिसेंबर 1930 रोजी विदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा पडून ज्याने तेथे प्राण दिले, त्या बाबू गेनू या गिरणी कामगाराचा उल्लेख चालत्या बसमध्ये, माइकच्या खरखरीत, उरकला गेला. मराठी प्रवाशांसाठी मराठीत चालवलेल्या सहलीत आंबेगाव तालुक्यातून मुंबईत पोट भरायला आलेल्या या तरुणासाठी दहा मिनिटे बस थांबवता येऊ नये, याचे मला मनापासून वाईट वाटले. सहलीनंतर संस्थेच्या संचालकांना मी हे बोलून दाखवले. वाहतूक आणि पार्किंगची अडचण त्यांनी सांगितली. पण अलीकडे उतरून चालत जाणे अशक्य नाही.

शेवटचा टप्पा कुलाब्याचा, आणि तो घाईत होतो. 18 फेब्रुवारी 1946 रोजी ‘तलवार’ या नौदल तळावरील खलाशांनी निकृष्ट अन्न आणि अपमानास्पद वागणुकीविरुद्ध काम बंद केले आणि उठाव पाहता पाहता 78 जहाजांवर पसरला. खलाशांच्या पाठिंब्यासाठी शहर रस्त्यावर आले आणि गोळीबारांत दोनशेहून अधिक माणसे मेली. एवढ्या मोठ्या घटनेला वीस मिनिटे देण्यात आली. शिवाय या उठावामुळेच कॅबिनेट मिशन, म्हणजे सत्तांतराच्या वाटाघाटींसाठीचे ब्रिटिश मंत्र्यांचे शिष्टमंडळ, पाठवले गेले, असे मार्गदर्शकांनी ठामपणे सांगितले. ब्रिटिश पंतप्रधान ॲटली यांनी त्या शिष्टमंडळाची घोषणा 19 फेब्रुवारीला, म्हणजे उठावाच्या दुसऱ्याच दिवशी केली होती, आणि असा निर्णय एका रात्रीत होत नाही. उठावाचे महत्त्व वेगळ्या ठिकाणी आहे : हिंदी सैनिकांच्या बळावर हा देश ताब्यात ठेवता येईल, ही इंग्रजांची खात्री त्याने संपवली. हे नेमकेपणाने सांगितले असते, तर घटनेचे मोल अधिकच वाढले असते.

व्यवस्था चांगली होती. पाणी आणि नाश्ता वेळेवर मिळाला, ज्येष्ठांसाठी चालण्याचे टप्पे लहान ठेवले होते, आणि प्रश्न विचारणाऱ्यांना मार्गदर्शकांनी कधीही घाई केली नाही. सोबत दिलेली पुस्तिका स्वच्छ छापलेली आहे, मात्र तिच्यात नकाशा नाही. आठवी ते दहावीच्या मुलांना घेऊन जाणार असाल, तर पैसे वाया जाणार नाहीत. फक्त आदल्या दिवशी त्यांना गिरणगावाविषयी घरी सांगून ठेवावे. संस्थेने गेटवेची वेळ कमी करून परळ जोडले, तर मी पुन्हा शुल्क भरून जाईन.

सहल गेटवेपाशी संपते. 28 फेब्रुवारी 1948 रोजी सॉमरसेट लाइट इन्फंट्रीची शेवटची ब्रिटिश पलटण या कमानीखालून समुद्राकडे गेली, एवढे सांगून मार्गदर्शक थांबले आणि आम्ही थोडा वेळ तसेच उभे राहिलो.