घरी दात पांढरे करायचेत? आधी डाग कुठला ते बघा

दात पिवळे दिसतात त्याची कारणं दोन. एक वरचं: चहा, पान, तंबाखू, मशेरी. दुसरं आतलं: वय वाढतं तसं इनॅमल (दातावरचं कडक आवरण) झिजतं आणि खालचं पिवळसर डेंटिन दिसायला लागतं. लहानपणी टेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक घेतल्यामुळे करडे झालेले दात आणि बोअरच्या पाण्यातल्या जास्त फ्लोराइडचे डाग, हेही आतलेच. कोणता उपाय घ्यायचा ते यावर ठरवा, डब्यावरच्या हसऱ्या चेहऱ्यावर नाही.

खालच्या पुढच्या दातांच्या मागून जीभ फिरवून बघा. खरखरीत लागलं तर ते कीट आहे. ते कुठल्याही जेलने जात नाही, डेंटिस्टकडे स्केलिंग करावं लागतं, म्हणजे ते खरवडून काढावं लागतं. मशेरीवाल्यांचं निम्मं काम तिथेच होतं. (तंबाखू घातलेल्या दंतमंजनावर १९९२ पासून बंदी आहे. पण मशेरी घरच्या तव्यावर भाजली जाते, तिला कोण अडवणार?)

व्हाइटनिंग टूथपेस्ट फक्त वरचे डाग घासते. काहींत निळसर रंगद्रव्य असतं, त्यामुळे दात तेवढ्यापुरते उजळ भासतात. स्केलिंगनंतर रंग टिकवायला पेस्ट ठीक, आतला पिवळेपणा तिच्याने हलत नाही. कोळशाची पावडर यापेक्षा काही जास्त करते असा पुरावा नाही, उलट रोज घासली तर इनॅमल झिजायची भीती. लिंबू तर दातांना लावूच नका. त्याच्या आम्लाने इनॅमल विरघळतं आणि ते पुन्हा येत नाही.

आतला रंग बदलतं ते पेरॉक्साइड हे रसायन. त्यात खरी निवड दोनच गोष्टींत आहे: दातांवर चिकटवायच्या जेलच्या पट्ट्या की दातांवर चढवायचा साचा, म्हणजे ट्रे.

पट्ट्या स्वस्त. साधारण अर्धा तास लावायच्या, दोन आठवड्यांत फरक दिसतो. पण दात वाकडे किंवा एकमेकांवर चढलेले असतील तर पट्टी खाचेत बसत नाही, कडा पिवळ्याच राहतात आणि ते फोटोत जास्त उठून दिसतं. ट्रेसाठी डेंटिस्ट तुमच्या दातांचं माप घेतात. प्रत्येक दाताच्या जागी जेलचा छोटा थेंब टाकून तो रात्री घालून झोपायचं. जेल सहसा १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचं, म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइडच्या हिशेबात साधारण साडेतीन टक्के. ही पद्धत हेवूड आणि हेमन या दंतवैद्यांनी १९८९ मध्ये मांडली, तेव्हापासून तिचा भरपूर अभ्यास झालाय. दोन ते सहा आठवडे लागतात. टेट्रासायक्लिनचे दात असतील तर महिनोन्‌महिने. पैसे जास्त जातात, पण माझं मत ट्रेलाच.

एलईडी दिव्याच्या किटमध्ये काम करतं ते जेलच. दिव्याचे वेगळे पैसे कशाला? शिवाय डब्यावर पेरॉक्साइडचं प्रमाण छापलेलं नसेल तर किट घेऊच नका. युरोपात २०१२ पासून ०.१ टक्क्याच्या वरचा माल थेट ग्राहकाला विकताच येत नाही.

सोलापूरकरांनी आणखी एक बघायचं: पेरॉक्साइड उन्हाने नासतं. मे महिन्यात दिवसभर गाडीत तापून आलेल्या पार्सलमधलं जेल कितपत उरलं असेल? शक्यतो दुकानातून किंवा डेंटिस्टकडूनच घ्या आणि फ्रीजमध्ये ठेवा.

दोन्ही उपायांत काही दिवस थंड लागतं, कधी एकदम कळ येते. एक दिवस सोडून लावलं की बहुतेकदा निभतं. हिरडी पांढरी पडून चरचरली तर जेल जास्त होतंय. कीड असेल तर ती आधी भरून घ्या. गरोदरपणात आणि अठराच्या आत हे करू नका.

पेरॉक्साइडने कॅपचा आणि दातात भरलेल्या सिमेंटचा रंग बदलत नाही. म्हणून पुढच्या दाताला कॅप बसवायची असेल तर आधी दात उजळून घ्या, रंग स्थिरावायला दोन आठवडे जाऊ द्या आणि मगच कॅपची शेड ठरवायला बसा.