नौपाड्यातला डार्क मॅटरचा वीकेंड क्लास, पैसे वसूल
ठाण्यात नौपाड्यात शनिवारी संध्याकाळी खगोलशास्त्राचा क्लास असतो, तिथली डार्क मॅटरची (न दिसणारा, फक्त गुरुत्वाकर्षणाने जाणवणारा पदार्थ) बॅच केली, भारी आहे. सरांनी रुबिन आणि फोर्ड या खगोलशास्त्रज्ञांच्या 1970 च्या पेपरमधला अँड्रोमेडा गॅलक्सीचा डेटा देऊन आलेख आमच्याकडूनच ग्राफ पेपरवर काढून घेतला, केंद्रापासून लांब गेलं की फिरण्याचा वेग कमी व्हायला हवा ना, पण पॉइंट जोडत गेलो तर रेघ खाली यायलाच तयार नाही, जवळपास सपाट, म्हणजे न दिसणारं वस्तुमान असणार! मग त्याला पर्याय म्हणून भौतिकशास्त्रज्ञ मिलग्रॉम यांचा 1983 चा मॉन्ड, म्हणजे न दिसणारं काही मानायचंच नाही, अगदी कमी त्वरणाला न्यूटनचा नियमच बदलायचा. सरांनी तो हसण्यावारी नेला नाही हे मला फार आवडलं, गॅलक्सीत छान जमतो पण गॅलक्सींच्या समूहात, म्हणजे क्लस्टरमध्ये कमी पडतो हे बुलेट क्लस्टरचा, म्हणजे एकमेकांवर आदळलेल्या दोन क्लस्टरचा फोटो लावून दाखवलं, गरम गॅस मध्येच अडकलेला आणि लेन्सिंगने (मागून येणारा प्रकाश वाकतो त्यावरून) दिसणारं वस्तुमान दोन्ही बाजूंना पुढे गेलेलं. डार्क एनर्जी, म्हणजे विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढवणारी ऊर्जा, मात्र शेवटी घाईत उरकली, विश्वाचा साधारण 68 टक्के भाग आहे हो तो, ती ज्यांच्यावरून कळली त्या 1998 च्या सुपरनोव्हांवर, म्हणजे ताऱ्यांच्या स्फोटांवर, अख्खं लेक्चर हवंच होतं. दहावीचं गणित पक्कं असेल तर पुरे. स्टेशनवरून चालत जा, गाडी लावायला जागा मिळत नाही.