क्यू आहे, यू पुसला: अक्षरांच्या खेळाचा आठ महिन्यांचा अनुभव

स्क्रॅबल म्हणजे अक्षरांच्या सोंगट्या बोर्डावर मांडून इंग्रजी शब्द जुळवायचा खेळ; कसा खेळतात ते याहून जास्त सांगत बसत नाही. अस्सल सेटची किंमत बघून मी त्याच धर्तीचा एका देशी कंपनीचा सेट घेतला, ३४९ रुपयांना. बोर्डाची घडी अजून शाबूत आहे, थैली चांगली जाड कापडाची आहे. रड आहे ती एका सोंगटीची.

शंभर सोंगट्यांत यू चार. त्यातल्या एकाची शाई तिसऱ्याच महिन्यात उडाली. आधी कुणाच्या लक्षातच आलं नाही. मग एका डावात कोऱ्या सोंगट्या (कुठल्याही अक्षराच्या जागी चालतात त्या) दोनाऐवजी तीन निघाल्या आणि मीच घरून बनवून आणल्यासारखं आईनं माझ्याकडे बघितलं.

कस्टमर केअरला फोन केला. "सर, कोऱ्या दोन असतातच." म्हटलं, ताई, माझ्याकडे तीन आहेत. "मग एक जास्तच मिळाली ना, सर!" दुसऱ्या फोनला कळलं की झीज वॉरंटीत बसत नाही, सुटी सोंगटी मिळत नाही, अख्खा संच १९९ आणि कुरिअरचे ८० वेगळे. एका यूसाठी २७९ रुपये. वर ७० टाकले की नवा खेळ येतो!

एका यूचं एवढं काय, असं वाटेल. पण क्यू एकच असतो, दहा गुणांचा, आणि इंग्रजीत तो यूचं बोट धरल्याशिवाय सहसा घराबाहेर पडत नाही. डाव संपताना हातात राहिला तर दहा गुण वजा. मार्करनं यू काढला, दोन दिवसांत गेला. मग बायकोच्या लाल नेलपॉलिशनं काढला. तो टिकला, पण फुगीर झाला. थैलीत हात घातला की बोटाला लागतो. आई तीन डाव ओळीनं जिंकली तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

इथपर्यंत मी दोन स्टार देणार होतो.

मग बारावीतली भाची सुट्टीला आली आणि शब्दकोश घेऊन यूशिवायचे क्यू शोधायला लागली. क्यू-आय, उच्चार 'ची': चिनी लोकांची प्राणशक्ती. दोन अक्षरांत ११ गुण! आई म्हणाली, "ही तर आपली षष्ठीतली ची." क्यू-ए-टी म्हणजे पानाला लावतो तो कात नव्हे, येमेनमध्ये गालात धरून चघळतात तो पाला. आणि 'कनात' मांडवाची नव्हे, इराणमधले जमिनीखालचे पाण्याचे बोगदे. छत्रपती संभाजीनगरची मलिक अंबरची नहर त्याच जातीची, हे मला त्या दिवशी कळलं.

यूवाले शब्दही तिनं काढले. 'क्विडनंक' म्हणजे चोंबडा. मूळ लॅटिनमध्ये 'आता काय?' आमच्या मजल्यावर एक आहेत, पण ते असो. सगळ्यांत भारी 'क्वोमोडोकन्क्वाइझ': वाटेल त्या मार्गानं पैसा करणे. १६५२ साली एका स्कॉटिश लेखकानं वापरलेला. अक्षरं बरोबर १५, आणि बोर्डाची ओळही १५ घरांची! क्यू दोन लागतात, म्हणजे एक कोरी सोंगटी खर्ची घालायची. यू लागतात तीन. माझ्याकडे न पुसलेले यू तीनच आहेत. त्या रात्री जेवण झाल्यावर डाव बाजूला ठेवून मी तो शब्द पूर्ण ओळीत मांडला, फोटो काढला आणि कस्टमर केअरला अर्थासकट पाठवला. उत्तर आलं, "आपल्या सूचनेबद्दल धन्यवाद."

तर आता साडेतीन स्टार. अर्धा शाईसाठी कापला, एक त्या ७० रुपयांच्या हिशोबासाठी. घ्यायचा असेल तर घ्या, पण पहिल्याच दिवशी चारही यूंवर पारदर्शक चिकटपट्टी लावा.

ताजी खबर: काल आईनं बोर्डावरच्या ए-ला धरून 'कव्वाली' लावली, क्यूपासून, नुसत्या अक्षरांचेच २२. हा इंग्रजी शब्दच नाही म्हणून मी भांडलो. भाचीनं शब्दकोश उघडून माझ्यापुढे सरकवला. होता. क्यू तिकडे यूशिवाय सुखानं नांदत होता आणि डाव संपला तेव्हा माझ्या पट्टीवर एकच सोंगटी उरली होती. लाल, फुगीर, वजा एक.