पुण्या-मुंबईचं नामांकित कॉलेज की घरून जाऊन-येऊन रत्नागिरी?

बारावीनंतर ऑप्शन फॉर्म (कुठलं कॉलेज आधी हवं याची यादी) भरायची वेळ आली की राजापूर-लांज्यात घरोघरी हाच विषय. मुंबईतला काका म्हणतो इकडे पाठवा, आई म्हणते रत्नागिरीत काय वाईट आहे?

ज्यांना फरक पडत नाही त्यांना आधी मोकळं करतो. एमपीएससीला पदवी लागते, कॉलेजच्या नावाला गुण नाहीत. सीएची परीक्षा देशभर एकच. मत्स्यशास्त्र किंवा कृषी करायचं असेल तर शिरगावचं मत्स्य महाविद्यालय आणि दापोलीचं कृषी विद्यापीठ आपल्याच जिल्ह्यात आहेत. ती सीट सोडून घाट चढणं म्हणजे काखेत कळसा नि गावाला वळसा.

खरा पेच इंजिनिअरिंगवाल्यांचा. एका बाजूला पुण्याचं सीओईपी (१८५४) नाहीतर माटुंग्याचं व्हीजेटीआय (१८८७), दुसऱ्या बाजूला रत्नागिरी किंवा रायगडातलं लोणेरे, इथली इंजिनिअरिंग कॉलेजं. शिकवण्यात वाटतं तेवढं अंतर नाही. विषय बरेचसे तेच, आणि आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं एनपीटीईएल या ऑनलाइन मंचावर फुकट आहेत. अंतर दिसतं शेवटच्या वर्षी. मोठ्या कॉलेजात कंपनी स्वतः येते, मुलगा हॉस्टेलवरून चपला घालून खाली उतरतो नि टेस्ट देतो. इकडचा मुलगा पूल कॅम्पससाठी (अनेक कॉलेजांची एकत्र नोकरभरती) रात्रीची कोकणकन्या रेल्वे पकडतो, पहाटे उतरून स्टेशनवरच तोंड धुतो, फाइल सांभाळत दहा कॉलेजांच्या मुलांमागे रांगेत उभा राहतो. हुशारी तीच, पण दमछाक आधीच झालेली.

दुसरी गोष्ट ओळखींची. गोपाळ कृष्ण गोखले गुहागरजवळच्या कोतळूकचे, धोंडो केशव कर्वे दापोलीजवळच्या मुरूडचे. दोघे एल्फिन्स्टन कॉलेजात सहाध्यायी. १८९१ साली फर्ग्युसनला गणिताचा शिक्षक हवा होता, तेव्हा गोखल्यांनी कर्व्यांना बोलावून घेतलं. कर्व्यांची लायकी होतीच, पण ती ठाऊक असलेला माणूस मोक्याच्या जागी होता.

अमेरिकेत स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर यांनी १९७६ साली कॉलेजात गेलेल्या मुलांची पुढची कमाई तपासली. सारख्याच ताकदीच्या मुलांत, जास्त नामांकित कॉलेजात गेलेले आणि न गेलेले, सरासरी फारसा फरक निघाला नाही. अपवाद होता गरीब घरच्या मुलांचा. त्यांना नामांकित कॉलेजचा फायदा झाला. राज चेट्टी आणि सहकाऱ्यांच्या २०२३च्या अभ्यासातही सरासरी कमाई फार हलली नाही, मात्र सगळ्यात जास्त कमावणाऱ्या एक टक्क्यात पोचण्याची शक्यता साधारण दीडपट झाली. तिथले आकडे इथे जसेच्या तसे लागू होणार नाहीत, पण मला ते पटतं. ज्याचा बाप इंजिनिअर आहे, मामा कंपनीत मॅनेजर आहे, त्याला घरातूनच वाट कळते. ज्याच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा तोच पहिला, त्याने व्हीजेटीआय मिळत असेल तर ब्रँच थोडी खालची आली तरी जावं. थोडीच हं! कॉम्प्युटर हवं म्हणून रडणाऱ्याला टेक्स्टाइलमध्ये ढकलू नका.

फसगत होते ती तिसऱ्याच पर्यायात: पुण्याच्या वेशीवरचं, नाव न ऐकलेलं खाजगी कॉलेज. शहर नामांकित म्हणजे कॉलेज नामांकित नव्हे. फी, हॉस्टेल, मेस सगळं जोडा आणि एसटीच्या पासाशी ताडून बघा. आंब्याचं एक वर्ष हुकलं की हप्ते कोण भरणार? त्यापेक्षा रत्नागिरी बरी. प्रवेशाआधी त्या कॉलेजच्या शेवटच्या वर्षातल्या दोन-तीन मुलांना गाठून विचारा, तुमच्या ब्रँचला कुठल्या कंपन्या आल्या आणि किती जणांना घेतलं. 'हायेस्ट पॅकेज'च्या फलकावर जाऊ नका, तो एका मुलाचा असतो.

आणि आत्ता मोठी सीट हुकली तरी दार बंद होत नाही. दहावीनंतर पॉलिटेक्निकला गेलेल्यांना डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला मोठ्या कॉलेजात जाता येतं. बाकीच्यांना पदवीनंतर गेट ही प्रवेशपरीक्षा देऊन आयआयटीत एम.टेक. करता येतं, तिथे स्टायपेंडही मिळतो.