नागपूरच्या लोकअदालतीत ई-चलान: जावं का? (जिल्हा न्यायालय, सिव्हिल लाईन्स) ४/५

माझी मानेवाड्यात मेस आहे. डबे पोचवायच्या मोपेड सगळ्या माझ्या नावावर. पोरगं शंकरनगरच्या चौकात लाल दिव्यात घुसतं आणि मेसेज येतो माझ्या मोबाईलवर, मी इकडे कणीक मळत असते. हेल्मेट नसलं तर ५००, सिग्नल तोडला तर ५००, तेच पुन्हा केलं तर १५००. पगारातून कापावं तर दुसऱ्या दिवशी पोरगं दुसऱ्याच मेसवर दिसते. असं करत करत साचलं. मग राष्ट्रीय लोकअदालतीची नोटीस आली.

ही लोकअदालत वर्षातून साधारण चारदा भरते, बहुतेक शनिवारी. कोर्टाच्या आवारात असली तरी इथे खटला चालत नाही, साक्षी-पुरावे नाहीत. टेबलामागे पॅनल बसलेलं. गाडीचा नंबर सांगायचा, चलान बघायचं, मान्य असेल तर रक्कम ठरते, भरायची, पावती घ्यायची. कोर्ट फी नाही, वकील नाही केला तरी चालते. माझ्या पुढचे काका भाषण पाठ करूनच आले होते. "साहेब, त्या दिवशी असा पाऊस होता ना, वरतून माझ्या मेव्हण्याचं..." साहेबांनी विचारलं, "काका, हेल्मेट होतं का?" काका म्हणाले, "नव्हतं जी." झालं, पुढचा नंबर! मागे उभ्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या.

आता कामाचं सांगते. "अर्ध्यात मिटते" असं ऐकून जाऊ नका. सूट हा काही आपला हक्क नाही, त्या-त्या वेळी ठरेल तसं. दुसरं, चलान चुकीचं असेल, म्हणजे फोटोत भलतीच गाडी दिसत असेल किंवा नंबर चुकीचा वाचलेला असेल, तर इथे तडजोड करू नका. आधी वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक अ‍ॅपवर फोटो जोडून तक्रार टाका. कारण लोकअदालतीचा निवाडा १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच धरतात आणि त्यावर अपील नाही. एकदा सही केली की "आमची गाडी नव्हतीच" म्हणायला जागा उरत नाही. लोक नेमकं हेच उलटं करतात. जे भांडायचं ते मिटवून येतात आणि जे मिटवायचं त्यावर वर्षभर भांडत बसतात.

दारू पिऊन गाडी चालवल्याची केस इथे आणू नका, ती तडजोडीत बसतच नाही. तिला कोर्टच.

एक तारा कापला तो बाहेरच्या एजंटमुळे. झेरॉक्सच्या दुकानापाशी एकानं मला गाठलं, "ताई, गाडीमागे दोनशे द्या, अर्ध्यात करून देतो." आत जे काम फुकटात होते त्याचे दोनशे कायले द्यायचे बाप्पा! आणि व्हॉट्सअ‍ॅपवर "चलान" नावाची एपीके फाईल (म्हणजे उघडली की मोबाईलमध्ये अ‍ॅप टाकणारी) आली तर हातही लावू नका. मोबाईल जातो आणि बँकेतले पैसेही जातात.

तिथल्या एका ताईंकडून दोन गोष्टी नव्यानं कळल्या. बायकांना मोफत कायदेशीर मदत मिळते, त्यात उत्पन्नाची अट नाही. फोन करायचा असेल तर १५१०० हा नंबर. दुसरी गोष्ट कायमस्वरूपी लोकअदालतीची. वीज, पाणी, टपाल, फोन, दवाखाना, विमा, प्रवासी वाहतूक यांच्याशी भांडण असलं तर कोर्टात जायच्या आधी तिथे अर्ज करता येतो. वाहतुकीत रस्ता आणि विमान तर आहेच, पाण्यावरची वाहतूकही आहे. आपल्याकडे होडी म्हटलं की फुटाळा तलावातली सैर आठवते, पण कोकणात लाँचनं रोज जाणाऱ्याला हे कामाचं आहे. तिथे समेट नाही झाला तरी तेच लोक निकाल देऊन टाकतात, फक्त भांडण कुठल्याही गुन्ह्याशी जोडलेलं असलं तर असा निकाल देत नाहीत, आणि तडजोडीत न बसणारा गुन्हा असला तर त्यात हातच घालत नाहीत. मला मेसच्या वीजबिलाचं एक जुनं दुखणं आहेच, आता तिथे अर्ज टाकते.

जाताना आरसी, लायसन्स आणि चलानाची प्रिंट घरूनच न्या. गाडी आवारात न्यायच्या भानगडीत पडू नका, ऑटोनं जा. आणि मेस असेल तर शनिवारचे डबे कोणाच्या तरी गळ्यात टाकून जा, कारण "तासाभरात येते" म्हणून निघाल तर दुपारी गिऱ्हाईकाचे फोन घेत रांगेत उभं राहावं लागेल.