घरच्या बाळंतपणाचं सामान: तयार किट घ्यावं की एकेक वस्तू जमवावी?

घरी प्रसूती करायचं ठरलं, प्रशिक्षित मिडवाइफ ठरली, तपासण्यांत काही अडचण दिसली नाही, की पुढचा प्रश्न सामानाचा. सीलबंद तयार किट मागवायचं, की यादी हातात धरून एकेक गोष्ट गोळा करायची? दोन्ही बाजूंनी ठाम बोलणारी माणसं भेटतात. माझ्या मते यादीतलं काय निर्जंतुक हवं आणि काय नुसतं स्वच्छ असलं तरी चालतं, हे एकदा समजलं की निम्मा निर्णय होऊन जातो.

जुळं, पायाळू बाळ, आधीचं सिझेरियन, वाढलेला रक्तदाब, ३७ आठवड्यांच्या आत सुरू झालेल्या कळा यांपैकी काही असेल, तर ही तुलना तुमच्यासाठी नाही. तिथे डॉक्टरांशी बोलून रुग्णालयाचा विचार करायचा. आणि सोबत प्रशिक्षित माणूस नसेल, तर कितीही चांगलं किट त्याची जागा घेत नाही.

किटमध्ये नेमकं काय असतं

अगदी लहान किटमध्ये साबण, अंथरायला प्लास्टिकची शीट, नवं ब्लेड, नाळ बांधायला दोरा किंवा क्लॅम्प, हातमोजे आणि कापड असतं. ही यादी सहा स्वच्छतांवरून आलेली आहे: हात, आईच्या योनिमार्गाभोवतीचा भाग, प्रसूतीची जागा, नाळ कापायचं साधन, नाळ बांधायचं साधन आणि नाळेची नंतरची निगा. यातल्या तीन एकट्या नाळेच्या आहेत, ते उगाच नाही. अस्वच्छ पात्याने नाळ कापली किंवा तिच्यावर नको ते लावलं, की नवजात बाळाला धनुर्वात होऊ शकतो.

मोठ्या किटमध्ये अंडरपॅड, मोठे मॅटर्निटी पॅड, गॉझ, अंग धुवायची पिचकारी-बाटली, वार ठेवायची पिशवी, बाळाची टोपी अशी भर असते. काहींत पायाचे ठसे घ्यायची शाई आणि छापील प्रमाणपत्रही असतं. हौस म्हणून ठीक, पण त्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत. बऱ्याच किटमध्ये नाक-तोंड ओढून साफ करायचा रबरी फुगाही मिळतो. गर्भजल स्वच्छ असेल आणि बाळ आपणहून श्वास घेऊ लागलं असेल, तर तो वापरू नये असंच आता सांगितलं जातं. म्हणून तो नसलेलं किट अपुरं समजू नका.

विकतच घ्यावं असं

नाळ कापायचं पातं किंवा कात्री, क्लॅम्प, हातमोजे आणि गॉझ. या चार गोष्टींत घरगुती उपाय नको. पाण्यात वीस मिनिटं उकळल्याने बहुतेक जंतू मरतात, हे खरं. पण धनुर्वाताचे बीजाणू त्यातूनही टिकू शकतात. ते नक्की मारायला दाबाखालची, १२१ अंश सेल्सिअसची वाफ ठरावीक वेळ लागते, आणि नंतर वस्तू कोरडी व झाकलेली राहायला हवी. हा सगळा खटाटोप करण्यापेक्षा सीलबंद पाकीट सोपं आणि भरवशाचं. घेताना मुदत पाहा, पाकिटाला भोक किंवा ओल नाही ना ते पाहा. मिडवाइफ स्वतःची निर्जंतुक उपकरणं आणणार असेल, तर हेही घ्यायची गरज नाही. आधी तिला विचारा, मगच मागवा.

किटची एक खोट इथे कळते. हातमोज्यांचा आकार एकच असतो आणि ते लॅटेक्सचे असू शकतात. आईला लॅटेक्सची ॲलर्जी असेल, तर किटमधल्या प्रत्येक वस्तूची चौकशी करावी लागते. अशा वेळी सुटं सामान घेणं सरळ पडतं.

घरातलंच चालेल असं

चादरी, टॉवेल, बाळाची दुपटी, उशांचे अभ्रे. गरम पाण्यात धुवायचे, पूर्ण वाळवायचे, स्वच्छ पिशवीत बांधून ठेवायचे. इस्त्री करायला हरकत नाही, पण इस्त्रीने कापड निर्जंतुक होतं असं समजू नका. तशी गरजही नाही.

टॉवेल मात्र वाटतात त्याहून जास्त लागतात. बाळ जन्मल्या क्षणी पुसून कोरडं करायचं, ओला टॉवेल लगेच बाजूला, मग आईच्या अंगावर उघडं ठेवून वरून दुसरा, कोमट केलेला. खोली साधारण २५ ते २८ अंश आणि वारा न येणारी. बाळाचं तापमान ३६.५ ते ३७.५ अंशांच्या मध्ये राहायला हवं, म्हणून डिजिटल थर्मामीटर हाताशी असावा. तो बहुतेक किटमध्ये नसतो. पहिली आंघोळ निदान चोवीस तास थांबू शकते, त्यामुळे टब, साबण, तेल यांची जमवाजमव आता नको.

अंथरायला काय घ्यावं, यावर माझं ठाम मत आहे: फिक्या रंगाचे, एकदा वापरून टाकायचे अंडरपॅड. डाग दिसू नयेत म्हणून लोक गडद चादरी काढतात. पण रक्त दिसायलाच हवं. प्रसूतीनंतर ५०० मिलीलिटर किंवा त्याहून जास्त रक्त गेलं तर तो अतिरक्तस्राव, आणि नुसत्या नजरेने अंदाज घेतला की तो बहुधा कमीच येतो. पॅडचं कोरडं वजन आधी माहीत असेल, तर भिजलेला पॅड तोलून अंदाज घेता येतो. एक ग्रॅम म्हणजे जवळपास एक मिलीलिटर. गर्भजल मिसळलं असेल तर हिशेब चुकतो, हे लक्षात ठेवायचं. मिडवाइफने पाहिल्याशिवाय एकही पॅड कचऱ्यात जाऊ देऊ नका.

खर्च आणि वेळ

सुटं घेणं स्वस्तच पडतं असं नाही. हातमोजे, गॉझ, पॅड मोठ्या खोक्यांत येतात आणि निम्मे उरतात. उलट टॉवेल-चादरी घरात असताना त्यांच्यासकट किट घेणं म्हणजे दुप्पट खर्च. मी सुचवीन तो मधला मार्ग: निर्जंतुक वस्तूंपुरतं लहान किट, अंडरपॅड वेगळे, बाकी कपाटातून. कसंही केलं तरी ३६व्या आठवड्यापर्यंत सगळं एका जागी आलेलं असावं.

तुमच्या यादीत नकोच असं

गर्भाशय आवळून धरणारं ऑक्सिटोसिन, बाळाला श्वास देण्याची पिशवी आणि मास्क, व्हिटॅमिन के, टाके घालायचं साहित्य. हे मिडवाइफच्या बॅगेत हवं आणि तिनेच वापरायचं. बाळ जन्मण्याआधी कुणी घरी ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देऊ पाहत असेल, तर स्पष्ट नकार द्या. त्याने गर्भाशय फाटू शकतं आणि बाळाचा प्राणवायू तुटू शकतो. तुम्ही विचारायचं ते एवढंच: हे सगळं आणणार का, आणि ऑक्सिटोसिन कुठे ठेवायचं? ते २ ते ८ अंशांत लागतं, तेव्हा फ्रिजमध्ये एक कोपरा रिकामा ठेवा. उत्तरं गुळमुळीत आली तर किटची निवड बाजूला ठेवा, माणसाची निवड पुन्हा करा.

पाण्यातली प्रसूती हवी असेल तर

यादी एकदम वाढते. फुगवता येणारा पूल, नवं अस्तर, पिण्याच्या पाण्यासाठी चालेल अशी नवी नळी, पाण्याचा थर्मामीटर, घाण काढायला गाळणी आणि आणखी टॉवेल. पाणी ३७.५ अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही. शेकडो लिटर पाण्याचं वजन जमीन पेलेल का आणि तेवढं गरम पाणी वेळेत मिळेल का, हे आधी पाहा. हीटर आणि पंप लावून आधीपासून भरून ठेवायचे पूल टाळा. कोमट, फिरत्या पाण्यात लिजनेला जंतू वाढतात, आणि अशा पुलाशी जोडलेल्या बाळाच्या आजारानंतर इंग्लंडमध्ये २०१४ साली ते घरी वापरू नयेत असा इशारा दिला गेला होता.

दुसरी बॅग

किट आणि सुटं सामान यांच्या वादात हिचं नावही निघत नाही, आणि माझ्या लेखी ती दोन्हींपेक्षा महत्त्वाची आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधल्या बर्थप्लेस अभ्यासात घरी प्रसूतीचं ठरवलेल्या पहिलटकरणींपैकी सुमारे ४५ टक्के जणींना रुग्णालयात हलवावं लागलं. आधी बाळंतपण झालेल्यांत हे प्रमाण सुमारे १२ टक्के होतं. दरवेळी जीवावरचं कारण होतं असं नाही, पुष्कळदा प्रसूती पुढे सरकत नव्हती. पण जाणं झालंच. म्हणून आईची फाइल आणि रक्तगटाचा कागद, ओळखपत्र, फोनचा चार्जर, आईचे एक जोड कपडे, बाळाचे कपडे आणि दुपटी, चार-पाच मोठे पॅड हे सगळं दाराजवळ भरून ठेवा. गाडी कोण चालवणार, रात्री दोनला ती मिळणार का, रुग्णालयाला कोण कळवणार, ही नावं आणि फोन नंबर कागदावर लिहून त्याच बॅगेच्या वरच्या कप्प्यात ठेवा.