शिन की शेन? कधीच न भेटणारी दोन चिनी नक्षत्रं

चिनी आकाशात 28 नक्षत्रं आहेत. त्यांतली ‘शिन’ आणि ‘शेन’ ही जोडी मला सगळ्यांत जास्त भिडते. एक उगवतं तेव्हा दुसरं मावळतं, कारण दोघं जवळजवळ समोरासमोर आहेत.

चिनी आकाशात चार दिशांना चार प्राणी कल्पिले आहेत. शिन म्हणजे हृदय, त्यांतल्या पूर्वेच्या निळ्या-हिरव्या ड्रॅगनचं. वृश्चिकेतले हे तीन तारे आपण ज्येष्ठा नक्षत्र म्हणून ओळखतो! मधला लाल तारा म्हणजे ‘महाअग्नी’. चिनी पंचांगाच्या सातव्या महिन्यात तो पश्चिमेला कलला की थंडी जवळ आली, असं प्राचीन शेतकरी ओळखत. सम्राटाचे ज्योतिषी मधल्या ताऱ्यात राजा आणि बाजूच्या दोघांत त्याचे पुत्र पाहत. म्हणून मंगळ तिथे रेंगाळला की दरबार हादरे.

शेन पश्चिमेच्या पांढऱ्या वाघाचं. आपल्या मृगातल्या बाणाचे तीन तारे हा त्याचा गाभा. नावातच ‘तीन’ आहे; खांदे आणि पाय धरून पुढे सात तारे मोजले जाऊ लागले.

‘त्सो-च्वान’ या इतिहासग्रंथात इ.स.पू. 541 च्या नोंदीत कथा येते: एबो आणि शचन हे भाऊ रोज शस्त्रं घेऊन भांडत. शेवटी एकाला शांगछ्यू या ठिकाणी महाअग्नीच्या सेवेला धाडलं, दुसऱ्याला दूर पश्चिमेला शेनच्या. आजही चिनी भाषेत ताटातुटीला ‘शेन-शांग’ म्हणतात; इथे ‘शांग’ म्हणजे शिनच.

इतिहास आणि अर्थ यांनी शिन अधिक श्रीमंत आहे. नवख्याने मात्र शेनपासूनच सुरुवात करावी. हिवाळ्यात बाण कुणालाही सापडतो.